झेपतंय

आमच्या मार्गासनीत कुणाच्या डोक्यावर गवताचा भारा द्यायचा, तर देणाऱ्यानं विचारायचं, "झेपतंय का?" आणि घेणाऱ्यानं म्हणायचं, "झेपतंय." मान मोडायला आली तरी हेच. नाही म्हटलं तर ते ओझं दुसऱ्या कुणाला तरी न्यावं लागतं.

माझी मुलगी अकरावी सायन्सला भोरला जाते. दहावीला तिनं नाव काढलं आणि सगळे तिच्यामागे हात धुऊन लागले. गणितही घे, जीवशास्त्रही घे. इंजिनीयरिंगच्या परीक्षेचा क्लास लाव, डॉक्टरकीचाही लाव. वर ऑलिंपियाड, शिवाय मोबाईलवर कॉम्प्युटरचा कोर्स. तिचे वडील म्हणाले, "दोन्ही हातांत लाडू हायेत, सोडायचा कुठला?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लाडू खायला तोंड एकच असतं हो! पण मी दहावी नापास, माझं कोण ऐकतं?

क्लासच्या सरांना जाऊन भेटले. म्हटलं, "सर, एका पोरीनं किती घ्यायचं आसतं?"

सर हसले. "मुलगी हुशार आहे, तिलाच विचारा की."

घरी येऊन विचारलं, "बाळा, एवढं सगळं झेपतंय का?"

"झेपतंय," ती म्हणाली. विचारताक्षणीच मला कळलं की माझा प्रश्नच वाया गेला. पण दुसरा कुठला शब्द मला येत नव्हता. तिच्या पुस्तकातलं मला ओ की ठो कळत नाही. त्यातलं काय जड आणि काय हलकं, हे मी कशावरून ओळखू?

एकदा ती एसटीत अशी झोपली की मार्गासनी मागे पडली आणि गाडी वेल्ह्याला पोचली. कंडक्टरनं उठवलं तेव्हा जागी झाली. घरी आल्यावर म्हणते, "बरं झालं, झोप तरी झाली." आणि हसली. मला रडू आलं. मी चुलीकडे तोंड केलं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी गवत कापायला गेलो. तिनं भारा माझ्या डोक्यावर दिला आणि विचारलं, "आई, झेपतंय का?"

भारा काही जड नव्हता. पण नाही म्हणता येतं, म्हटल्यानं कुणी मरत नाही, हे तिला एकदा दिसू दे, असं मनात आलं. मी म्हणाले, "न्हाई गं. लई जड हाय. कमी कर."

ती घाबरलीच. भारा खाली घेतला, दोर सोडला, चार-पाच पेंढ्या काढल्या. "आधी सांगायचं न्हाई व्हय?" म्हणून माझ्यावरच ओरडली. मला इतकं बरं वाटलं! समजलं पोरीला, म्हटलं.

मग तिनं त्या पेंढ्या आपल्या भाऱ्यात बांधल्या. भारा बांधावर टेकवून एकटीनंच डोक्यावर घेतला. तिची मान लटपटलेली मला दिसली.

"आगं, तुला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"झेपतंय," ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली.