बसण्याचे तास

पाळणाघरातली मुले तिला ‘हळूमावशी’ म्हणत, कारण दिवसभर तिच्या तोंडी तो एकच शब्द असे. अठरा वर्षांपूर्वी ती स्वतःच्या लेकीला तिथे सोडायला आली आणि राहूनच गेली. ती लेक आता बिस्किटांच्या कारखान्यात होती आणि आईच्या मागे लागली होती. “पगार दीडपट आहे, आई. दिवसभर उभं राहायचं, एवढंच. शनिवारपर्यंत कळव.”

हळूमावशीचा पाय निघत नव्हता. पण आहे त्या पगारात भागतही नव्हते. अशात सरकारने एक सवलत काढली. मुलांची देखभाल करणाऱ्यांचा पगार जो मालक वाढवील, त्याला तेवढी करात सूट. अट अशी, की त्या बाईचे रोजचे सहा तास प्रत्यक्ष मुलांसाठी गेले पाहिजेत. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंनी तिच्याकडून कामाचा तक्ता भरून घेतला आणि न वाचताच पाठवून दिला.

शुक्रवारी दुपारी करखात्याचे तपासनीस तो तक्ता घेऊन हजर झाले. त्यात एका ओळीभोवती लाल गोल होता.

“बारा ते अडीच, बसले होते. हे काय लिहिलंत, मावशी? हे वजा केले तर सहा तास भरत नाहीत.”

“बसलेच होते. खोटं कशाला लिहू?”

बाईंनी कपाळाला हात लावला. “अगं, मुलांना झोपवलं असं लिहायचं!”

“झोपतात त्यांची ती. मी नुसती बसते.”

तपासनिसांना आता राग कमी आणि नवल जास्त वाटू लागले. “नुसतं बसून काय होतं?”

“बसून बघा की.”

ते बूट काढून सतरंजीवर टेकले. अकरा मुले ओळीने पहुडली होती.

“तो खोकतोय ना? नाटकी आहे. हिचा अंगठा तोंडातून सुटला की समजायचं, गाढ झोपली.” ती बोलता बोलता थांबली. “कोपऱ्यातला रोज लोळत भिंतीपर्यंत जातो. आज हलला नाही.”

तिने उठून त्याच्या कपाळाला हात लावला. चांगलेच तापले होते. ती त्याला उचलून बाईंकडे गेली.

परतली तेव्हा तपासनिसांचे बोट अंगठेवालीच्या मुठीत होते आणि खिशातला फोन थरथरत होता.

“घ्या की फोन,” ती म्हणाली.

“हळू!” ते दबक्या आवाजात म्हणाले.

पाऊण तासाने ते उठले, तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या. भिंतीला धरून त्यांनी तक्ता पुढे केला. “कोणाजवळ बसलात, तेवढं लिहा. हे तास मी धरतो.”

तिने लिहिले: अकरा जणांजवळ.

शनिवारी तिने लेकीला फोन केला. “तुमच्याकडे उभ्यानं काम आहे ना गं? नाही जमायचं. मला बसायची सवय आहे.”