बर्फातलं मीठ

आमच्या घराण्यात तीन पिढ्या मिठागरं. मी मात्र टेम्पो चालवतो, अलिबागकडची मासळी मुंबईच्या बाजारात नेतो. त्यामुळे मीठ आणि बर्फ या बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपत नाही. बर्फावर मीठ मारलं की गारठा दुप्पट होतो आणि माल कडक राहतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

आमच्या कुत्र्याचा पुढचा पाय सुजला तेव्हा मुरगळला असेल म्हणून मी महिनाभर मिठाच्या पुरचुंडीने शेकत बसलो. बायको डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागायची. शेवटी तीच त्याला रिक्षात घालून पनवेलला घेऊन गेली. हाडाचा कॅन्सर निघाला.

तिथल्या डॉक्टरीण बाईंनी नीट समजावलं. पाय काढावा लागणार होता, पण फुफ्फुसं अजून स्वच्छ दिसत होती. काढलेल्या गाठीचा तुकडा मुंबईच्या प्रयोगशाळेत जिवंत पोचला, तर तिथे त्यावर वेगवेगळी औषधं लावून बघणार होते. ह्याच कुत्र्याच्या गाठीला कुठलं लागू पडतं, ते पाहून मग उपचार. उपचार नवा आहे, खात्री देत नाही, असंही त्या म्हणाल्या. तुकडा थंड हवा, पण गोठता कामा नये. हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान डोलावली.

ऑपरेशन सकाळी झालं. बायको कुत्र्यापाशी थांबली आणि थर्माकोलचं खोकं घेऊन मी निघालो. वाशीच्या अलीकडे गाड्या तुंबल्या. खोकं उघडून पाहिलं तर आत डबी आणि दोन थंड पिशव्या, त्याही घामेजलेल्या. मला हसू आलं. शिकलेली माणसं, पण बर्फातलं काही कळत नाही. टेम्पोत बर्फ होता, मिठाची गोणी होती. डबी काढून बर्फात पुरली आणि वर चांगलं दोन मुठी मीठ मारलं. प्रयोगशाळेच्या दारात ती पुसून पुन्हा त्यांच्या खोक्यात ठेवली, साहेबलोकांना मासळीचा वास नको म्हणून. स्वतःवर खूश होऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. तुकडा गोठून गेला होता, त्यातलं काहीच जिवंत उरलं नव्हतं. दुसरा तुकडा घ्यायला गाठच राहिली नव्हती.

"वाटेत बर्फात ठेवला होता का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

बायको समोर उभी होती.

"न्हाय," मी म्हणालो. "दिला तसाच पोचवला."

मग सगळ्यांना देतात तीच औषधं सुरू झाली. त्याने तीन पायांवर उभं राहायला शिकून घेतलं. टेम्पोचा आवाज आला की लंगडत फाटकापर्यंत यायचा. मला ते बघवायचं नाही. मी गाडी लांब लावून मागच्या दाराने घरात शिरू लागलो. तर तो मागच्या दाराशी येऊन बसू लागला.

पुढे त्याला खोकला लागला. बायको म्हणाली, एकदा दृष्ट काढून बघू, त्याचा जीव तुमच्यावर आहे, तुम्हीच काढा. तिने माझ्या मुठीत मीठ दिलं. मी तीनदा ओवाळलं, पण मूठ सुटली आणि मीठ सांडलं. कुत्र्याने मान वर करून माझा तळहात चाटून काढला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी सांडलेलं मीठ गोळा करून चुलीत टाकलं.

पंधरा दिवसांनी तो गेला. परसात नारळाखाली पुरला. आल्यागेल्याला बायको अजून सांगते की त्या मुंबईवाल्यांनी हलगर्जीपणा केला. मग माझा पडलेला चेहरा बघते आणि पाठीवर हात ठेवते.

"तुमी नका मनाला लावून घेऊ," ती म्हणते. "तुमी तर जपून नेलेलं."

मी हो म्हणतो.