भूतानची डबल बेल

ऊस तोडून कारखान्याला जातो, पाचट शेतातच राहतं, आणि ढीग मोठा दिसतो तो पाचटाचाच. किश्श्यांचंही तसंच. आमची भूतानची सहल सहा दिवसांची आणि तयारी दोन वर्षांची. किस्से साठले ते सगळे तयारीतले!

सुरुवात आमच्या कौसल्येनं केली. नातीनं मोबाईलवर भूतानचा बर्फाचा डोंगर दाखवला. स्क्रीन काळी होईपर्यंत ही बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ह्यो डोंगर तिथल्या बायांना रोज दारातनं दिसतो व्हय?"

लग्नापासून तिनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. हेही मागणं नव्हतंच. पण मी मित्रांच्या कानावर घातलं.

*

मित्र दोनच. आप्पा आणि बशीरभाई. बशीरभाईचा सारा जन्म एसटीत कंडक्टरकी करण्यात गेला. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारादिवशी चहाच्या टपरीवर आमची सहलीची मीटिंग भरायची. बशीरभाई चमच्यानं ग्लास वाजवायचा. एकदा टिंग म्हणजे थांबा. दोनदा म्हणजे चला!

आप्पांनी विचारलं, "तिथं आंघोळीला गरम पाणी मिळंल का?"

टिंग! मीटिंग बंद. पुढच्या बाजारापर्यंत बशीरभाई कुठून कुठून चौकशी करून यायचा, आणि मगच टिंग-टिंग.

"आरं, किती येळ गाडी हुबी ठेवतोस!" आप्पा वैतागायचे.

"आप्पा, शेवटचा पाशिंजर बसल्याबिगर मी जन्मात डबल बेल दिली न्हाई."

खरं होतं ते. पिशव्या घेऊन धावणारी म्हातारी लांबून दिसली, तरी याची गाडी थांबायची.

*

तिथं वाघाच्या गुहेचा मठ आहे. कड्यावर. चढायला दमसास हवा. आमच्याकडं डोंगर कुठला! शेवटी प्रॅक्टिसला कारेगावात आप्पांच्या भाच्याची चार मजली बिल्डिंग धरली. खोल्यांत सगळे कंपनीतले कामगार. आम्ही तिघं धापा टाकत वर-खाली, वर-खाली.

तिसऱ्या फेरीला एका पोरानं दार उघडलं. "किसको ढूँढ रहे हो, बाबा?"

बशीरभाईला दम लागलेला. एवढंच म्हणाला, "भूतान!"

"इधर कोई नहीं है इस नाम का. बगल की बिल्डिंग में देखो!"

*

आप्पांना जेवणाची काळजी. बशीरभाईनं माहिती काढली, "तिथं मिरची टाकून भाजी करत न्हाईत. मिरचीचीच भाजी करत्यात!"

आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "मंग लोक चांगली असणार," म्हणाले.

*

परमिटच्या फोटोसाठी मी आणि बशीरभाईनं कौसल्येला शिक्रापूरला नेलं. फोटोवाला म्हणाला, कान दिसले पाहिजेत, पदर काढा. ही लाजली. पण काढला. फोटो हातात आला तेव्हा बघतच राहिली.

"समदी पांढरी झाली की हो मी!"

बशीरभाई म्हणाला, "वहिनी, तुम्ही ज्याला बघाया चाललाय, त्याचं डोकं काय काळं हाय का?"

*

एवढं झालं, आणि तिकीट काढायच्या आठवड्यात कौसल्या म्हणाली, "मी येत न्हाई. चंद्रीला कोण पिळणार?"

चंद्री आमची म्हैस. कौसल्येशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. सुनेला तिनं पाडलं होतं. आप्पा बसले, तर बादली उकिरड्यावर! मी कौसल्येचं लुगडं गुंडाळून बसलो. चंद्रीनं मान वळवली, मला हुंगलं आणि दूध चोरलं, एक थेंब सोडला नाही.

"राहू द्या. मोबाईलात बघितलाय की मी डोंगर," कौसल्या म्हणाली. आणि वैरण टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच बशीरभाई सायकलवर हजर. खांद्यावर कौसल्येचं जुनं हिरवं लुगडं घेतलं आणि चंद्रीजवळ नुसता उभा राहिला. पंधरा दिवस आला. हळूहळू खाजवायला लागला. कौसल्या धार काढताना जे गुणगुणते, तेही शिकला. सूर बेकार, पण शब्द बरोबर! सोळाव्या दिवशी चंद्रीनं पान्हा सोडला. बशीरभाईलाच!

तिकिटं त्यानंच आणून दिली. मी बघितली. तीनच.

"आन् तुझं रं?"

"कंडक्टरला कुठं तिकीट असतं, आबा?"

मी भांडलो. आप्पा भांडले. त्यानं ऐकलं नाही.

निघायच्या दिवशी दौंड स्टेशनला नेणारी जीप दारात आली. पिशव्या चढल्या, आप्पा चढले, मी चढलो. कौसल्येचा एक पाय जीपमध्ये, एक खाली. नजर गोठ्याकडं.

गोठ्यात हिरवं लुगडं पांघरून बशीरभाई बसलेला. बादलीत धार वाजत होती. त्यानं मान वर केली नाही. एका हातानं धार चालूच ठेवली, दुसरा हात वर नेला आणि चंद्रीच्या गळ्यातल्या घंटेला बांधलेली दोरी ओढली.

टिंग-टिंग!