पुढच्या रविवारी द्यायचं उत्तर

नवरा-बायकोचं जमत नसेल तर समुपदेशकाकडे जा, असं मी पत्रकात छापते आणि मेहकरच्या स्टँडवर वाटते. आमच्यावर वेळ आली तेव्हा कुठं जायचं ते मलाच सापडेना. तालुक्याच्या केंद्रात मी स्वतः बाया घेऊन जाते. तिथल्या ताई मला पाहताच विचारतात, "आज कोणाची केस?" व्हिडिओ कॉलवर एकदा बसलो, तर धाकट्यानं फोनच पळवला. नवऱ्याची दवाखान्याच्या लॅबमधली ड्युटी, माझ्या सभा, दोन लेकरं. शेवटी शेगावच्या एक मॅडम ठरल्या, कारण त्या रविवारी बसतात आणि शेगावात आमचं कुणी नाही.

तिथंच चुकलं. आम्ही बौद्ध. शेगाव देवळाचं गाव; तिथं दुसरं कुणी दिसलं तर कुणी विचारत नाही, आम्ही दिसलो तर बातमी होते.

मॅडमच्या बाहेरच्या खोलीत माशांची काचेची पेटी होती. लेकरं तिथं रमली. आत नवरा म्हणाला, "घरी बी मले वाटते का मी हिच्या पत्रकातला नवरा आहो. ज्याले समजावून सांगा लागते."

मी तोंड उघडलं. मॅडम म्हणाल्या, "आज नाही. हे वाक्य घरी न्या. उत्तर पुढच्या रविवारी, इथंच."

परतताना एस.टी.त नवऱ्याचे मामा भेटले. ते रेल्वेनं येऊन उंद्रीला, आपल्या घरी निघाले होते.

"जयभीम मामा."

"जयभीम. अन् भाषणं ठोकनारी सूनबाई दर्शनाले आली का?"

"नाही मामा, काम होतं."

मामांनी भाच्याकडं पाहिलं. "शेगावात तुमचं काय काम बे?"

त्याच आठवड्यात मामांच्या ओसरीवर आमच्या नातेवाइकांची बैठक बसली. माथा टेकला की नाही, प्रसाद घेतला की नाही, सगळं खोदून विचारलं. शेवटी नवरा उठला. "देवळात नाही गेलो. आमचं जमून नाही राह्यलं, म्हणून एका मॅडमले भेटाले गेलो."

सगळे हसले. सुटल्यासारखे हसले.

"हात्तिच्या! मले वाटलं, धम्म सोडला," मामा म्हणाले. "घरात एवढी मानसं असतांना परक्या बाईपुढं रडाले गेले? सूनबाई, तुहं काही म्हननं?"

भरलेल्या ओसरीत काय म्हणणार? मी मान हलवली, नाही.

"मिटलं मंग. चहा आना."

देवळाच्या चौकशीत अख्खी दुपार गेली. दोन माणसं एकमेकांपासून तुटताहेत, त्याला चहा उकळण्याएवढाही वेळ नाही! आणि बैठकीत मिटलेलं पुन्हा बाहेर नेलं तर मामांचा शब्द पडतो. नवऱ्यानं रविवारची ड्युटी मागून घेतली.

रविवारी मुलगी चपला घालून दारात उभी. "मासोळीवाल्या मॅडमकडे काऊन नाही जाऊन राह्यलो?"

"बाबाची ड्युटी आहे."

उत्तर माझ्याजवळ होतं. खरं तर प्रश्नच होता: पत्रकातला नाहीस, मग तू कसा आहेस? एवढं विचारून मला गप्प बसायचं होतं, तो बोलेपर्यंत.

तो आल्यावर ताट वाढलं आणि म्हटलं, "त्या दिवशी तू मॅडमकडे जे बोललास..."

त्यानं भाकरी मोडली. "आता काऊन? मिटलं ना ते."