राईतल्या भेकराचा वाटा आमच्या दारात आला

माझ्या लेखांत पहिल्याच परिच्छेदात गावाचा पत्ता आणि नकाशाची खूण असते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. या वेळी नाही. कामशेतहून आत, इंद्रायणीच्या वरच्या अंगाला, एवढ्यावर भागवून घ्या. का, ते वाचता वाचता कळेल.

जायचं ठरवलं मंदारनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं. दिवाळीचा फराळ आणि नातेवाईक दोन्ही पचवून झाल्यावर तो म्हणाला, "जिथे कोणी चकली पुढे करणार नाही अशा ठिकाणी जाऊ." शनिवारी सकाळी चिंचवडहून जुन्या हायवेने निघालो. तुम्हीही जुन्यानेच जा. वडगावच्या पुढे पिकलेल्या भाताची खाचरं बघत जाता येतं आणि चहाला कुठेही थांबता येतं. आधी लोणावळा गाठलं आणि पस्तावलो. गाडी लावायला जागा नाही, चिक्कीलासुद्धा रांग. तेवढी चिक्की घेतली आणि मुकाट्याने मागे फिरून कामशेतला आलो. तिथून आतला रस्ता सुरुवातीला बरा आहे, नंतर हाडं खिळखिळी करतो. छोटी गाडी असेल तर घाई करू नका.

बाळूभाऊंचं घर शेतातच आहे, मागे पाहुण्यांसाठी दोन खोल्या. माणशी बाराशे, त्यात राहणं, दोन वेळचं जेवण आणि मागाल तितका चहा. संगीतावहिनींच्या हातची तांदळाची भाकरी आणि खुरासणीची चटणी खाऊन मी डाएटचं नावच टाकलं. शेताच्या वर गावाची देवराई. तिथली वाळकी काटकीसुद्धा कोणी चुलीत घालत नाही. बाळूभाऊंचे वडील, आबा, रोज संध्याकाळी अनवाणी जाऊन तिथे दिवा लावतात.

राईच्या कडेला पाणवठा आहे. तिथे एका झाडाला बाळूभाऊंनी कॅमेरा बांधलाय. त्यात सिमकार्ड असतं. समोर काही हललं की फोटो निघतो आणि तत्क्षणी मोबाइलवर येतो.

"डुकरांसाठी घेतला," ते म्हणाले. "एका रातीत खाचर लोळवत्यात. पयलं आमी रातभर शेतातल्या माळ्यावर बसून डबडी बडवायचो. आता फोटू आला की उठायचं, आरडाओरडा करायचा, परत झोपायचं."

शेजाऱ्यांनाही वेळेत कळावं म्हणून त्यांनी व्हॉट्सॲपवर गट काढला, 'राई लाईव्ह'. मग येणाऱ्या पाहुण्यांनाही त्यात घेऊ लागले. मला घेतलं तेव्हा मी लहान मुलीसारखी खूश झाले, खोटं कशाला बोलू.

रविवारी नुकतं उजाडलं होतं. फोन वाजला. फोटोत पाण्याला तोंड लावलेलं भेकर, तांबूस, शेळीएवढं हरीण, एका कानाला खाच. मी मंदारची दुर्बीण घेऊन ओट्यावर धावले. खरंच दिसलं. पाणी पिऊन झालं, मान वर केली, राईतून बाहेर आलं आणि बांधाच्या कडेकडेनं चालू लागलं. मी गटावर लिहिलं, "बाहेर आलंय! बांधाच्या कडेने ओढ्याकडे चाललंय. किती गोड!" लगेच कुणीतरी अंगठा दाखवला. थोड्या वेळाने ओढ्याकडून एक आवाज आला. उरलेले फटाके संपवत असतील, असं मी मंदारला म्हणालेसुद्धा.

आम्ही पोहे खात होतो तेव्हा अंगणात मोटरसायकल थांबली. तिच्यावरून उतरलेल्या माणसाने पळसाच्या पानांत बांधलेले दोन पुडे ओट्यावर ठेवले.

"ह्यो बाळूचा, कॅमेऱ्याचा. आन ह्यो त्या चिंचवडच्या ताईंचा."

"कसला?" मी विचारलं.

"वाटा, ताई. खबरीचा. खबर देणाऱ्याचा वाटा काढल्याबिगर आमच्यात शिकार खात न्हाईत."

प्रसाद वाटावा तसा शांतपणे बोलला आणि निघून गेला. पुड्याच्या खालून ओट्यावर ओल आली होती. मला काही क्षण खरोखर काही कळलंच नाही. मग कळलं. सकाळी मी ज्याला गोड म्हटलं होतं, त्याचा वाटा माझ्या नावाने आला होता.

"आईच्यान सांगतो, मला ठावं नव्हतं," एवढंच बाळूभाऊ परत परत म्हणत राहिले.

आबांनी पुड्याला हात लावला नाही. म्हणाले, "पूर्वीबी वाटे पडायचे. बंदूकवाल्याचा, हाकाऱ्यांचा, कुत्र्याचाबी. पर खबर देणारा पायांनी चालत यायचा. तवर जनावर डोंगर पार करून जायचं. आता खबर जनावराच्या आधी पोचती."

बातमी पसरली आणि शेजारची माणसं अंगणात जमली. वाद पेटला. पलीकडच्या शेताचे शंकरभाऊ म्हणाले, "कॅमेरा ठिवा, निस्तं सिम काढा, म्हणत्याल कुणी. आतल्या कार्डावर फोटू पडंल, दुसऱ्या दिशी बघायचा. मग डुक्कर काय दुसऱ्या दिशी हाकलायचं? भात काढायला आलाय."

मी म्हटलं, "मग बाहेरच्यांना गटातून काढा."

"बाहेरच्यांनी मारलं न्हाई, ताई," बाळूभाऊ म्हणाले. "गटात निम्मं गाव हाय. कुनाला काढू?"

संगीतावहिनी इतका वेळ चुलीपाशी होत्या. तिथूनच म्हणाल्या, "काल सांजच्याला पाण्याची कळशी घिऊन येताना माझाबी फोटू पडलाय त्या गटावर. निम्म्या गावानं बघितला. तवा कुनीच काय बोललं न्हाई." मीही त्या गटात होते आणि मला तो फोटो बघितल्याचं आठवत होतं.

आबा उठले. "दोन्ही पुडं पिशवीत घाला. मी फारेष्टच्या गार्डाकडं जातो."

"आबा, कॅमेरा माझा, सिम माझ्या नावावर," बाळूभाऊ म्हणाले. "केस माझ्यावर हुईल."

"वाटाबी तुझ्याच दारात आलाय."

बाळूभाऊ चपला काढून राईकडे चालत गेले. थोड्या वेळाने माझा फोन वाजला. 'राई लाईव्ह'वर फोटो आला होता, अगदी जवळून काढलेला बाळूभाऊंचा चेहरा, डोळे लाल. त्यानंतर त्या गटावर फोटो आलेला नाही. परत आले तेव्हा सिमकार्ड त्यांच्या मुठीत होतं. म्हणाले, "चला आबा, मीच नेतो."

आम्ही मागोमाग गाडी काढली. वनरक्षकाने पुडे ताब्यात घेतले, बाळूभाऊंचा जबाब लिहिला, मग माझा. मी गटावर लिहिलेलं वाक्य मला स्वतःला वाचून दाखवावं लागलं. केसचं काय होणार, अजून माहीत नाही. परवा वहिनींशी बोलले तेव्हा बाळूभाऊ पुन्हा माळ्यावर झोपायला लागले होते आणि तरी डुकरांनी एक खाचर लोळवलं होतं.

लोणावळ्याची चिक्की अजून तशीच बांधलेली आहे.

घरी पोचल्यावर अनोळखी नंबरावरून निरोप आला. "ताई, परत कवा येताय? तुमची नजर भारी हाय."

मी तो तीनदा वाचला. नंबर वनरक्षकाला पाठवून दिला. जबाब द्यायला पुन्हा जावं लागलं तर जाईन.

तेव्हा त्या गावाचं नाव, पाणवठ्याचा फोटो, बांधाची वाट, यातलं काहीही या लेखात नाही आणि प्रतिक्रियांत विचारलंत तरी सांगणार नाही. भेकर कुठे दिसतं हे मी एकदा लिहिलं आहे. त्याचा वाटा मला मिळाला.