कुंकवाची ज्वारी

मंजूचं ताट वाढायची वेळ मला नकोशी व्हायची. पोर अडीच वर्षांची, पण अंगावर मांस म्हणून नाही. हातापायांच्या काड्या झालेल्या आणि पोट मात्र टम्म फुगलेलं. खाल्लं की उलटी, नाहीतर जुलाब. आम्ही तेव्हा अमेरिकेत होतो, सत्तर सालानंतरची पहिली काही वर्षं. रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीत ह्यांना इंजिनियरची नोकरी लागली म्हणून नागपूरचं बिऱ्हाड उचलून आम्ही तिथल्या सपाट मुलखातल्या एका लहानशा गावात जाऊन पडलो होतो. नजर जाईल तिथवर शेतं, मधून एक सरळ रस्ता, आणि आपलं म्हणावं असं एक माणूस नाही. पुष्कळ दवाखाने पालथे घातल्यावर एका डॉक्टरनं सांगितलं की या मुलीच्या आतड्यांना गहू चालत नाही. आज नाही, उद्या नाही, जन्मात कधीच नाही. पोळी नाही, पाव नाही, बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. मग देऊ काय, असं मी विचारलं तर म्हणाला, भात द्या, बटाटे द्या. सांगायला काय जातं? भाताचं पातेलं दिसलं की मंजू ओठ घट्ट मिटून तोंड फिरवायची. पोटच्या पोरीला अन्नाची भीती वाटते आहे, हे बघत बसणं काय असतं ते मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही.

तिथल्या दुकानात शिरलं की डोळे दिपायचे. रांगाच्या रांगा, दिवे, गाड्या ढकलत फिरणाऱ्या बाया. पण खायचं काय, कपाळ माझं? मटार डब्यात, पालक डब्यात, सूप पुडीत आणि ते घट्ट व्हावं म्हणून त्यात मैदा. सफरचंद हातात घेतलं तर त्यावर मेणाचा थर. मी एकेक डबा उलटा करून त्यावरची बारीक अक्षरं वाचत उभी राहायची आणि लोक माझ्याकडे आणि माझ्या साडीकडे टकामका बघायचे. एकदा घरामागच्या गल्लीत मला घोळीची भाजी उगवलेली दिसली. आपली घोळ, लाल देठांची! मला एवढा आनंद झाला की मी तिथंच टाळ्या वाजवल्या. दोनदा भाजी केली, मंजूनं चार घास खाल्लेही. तिसऱ्यांदा गेले तर घरमालकानं तण समजून औषध मारलेलं, सगळं पिवळं पडून लोळत होतं. मी तिथंच मातीत बसून रडले. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "अगं, घोळीसाठी काय रडतेस?" ह्यांच्या डब्यात रोज पाव आणि लोणी, त्यांचं काही अडत नव्हतं.

माझं माहेर काटोलकडचं, शेतीवाडीचं. सकाळी ज्वारीची भाकर, संध्याकाळी ज्वारीची भाकर, त्यावरच आम्ही भावंडं वाढलो. सासर नागपुरात, प्रताप नगरला. तिथं पोळ्यांचा थाट. ज्वारी म्हटलं की सासूबाई नाक मुरडायच्या. अमेरिकेला निघताना मी ट्रंकेत ज्वारीच्या पिठाचा डबा ठेवला होता, तो त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेर काढला. "काहून वं, तिकडे साहेबलोकाइच्यात जाऊन भाकरी बडवशीन का? आमची इज्जत घालवून राहिली!" गंमत अशी की याच सासूबाई भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की ज्वारीची आंबील स्वतः रांधायच्या. गौरी-गणपतीतल्या गौरींना आमच्याकडे महालक्ष्म्या म्हणतात. ताक आणि ज्वारीच्या पिठाच्या आंबिलीशिवाय त्यांचा नैवेद्य होत नाही. म्हणजे देवीला ज्वारी चालते, सुनेला चालत नाही. हे मी तेव्हा मनात म्हटलं, तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती.

त्या वर्षी भाद्रपद आला तेव्हा मी देवीवर खरंच रुसलेले होते. मुखवटे नव्हतेच, भिंतीवर लावलेल्या तसबिरीपुढे उभी राहून मी तिच्याशी चक्क भांडले. म्हटलं, तुझं मी कधी काही चुकवलं नाही, मग माझ्या पोरीच्या तोंडचा घास तू काहून काढून घेतला? तिला काय खाऊ घालू ते सांग. खूण दाखव. नाहीतर यापुढे तुझी तू आणि माझी मी. असं देवीशी बोलू नये, हे मला कळत होतं. पण पोरगी डोळ्यांदेखत वाळत चालली की माणसाला बोलण्याचं भान राहत नाही.

त्याच आठवड्यात दवाखान्यातून परत येताना गाडीच्या काचेतून मला कणसं दिसली. बुटकी ताटं, पण वर गच्च भरलेली कणसं. मी ओरडलेच, "अहो, थांबा, ज्वारी आहे!" ह्यांना पटेना. गाडी थांबवून खाली उतरले, कणीस हातात घेतलं, दाणा दाताखाली फोडला. ज्वारीच! त्या मुलखात मैलच्या मैल ज्वारी उभी होती आणि मी डबे उलटेपालटे करत बसले होते. ह्यांनी ऑफिसात विचारलं तर लोक हसले. ती म्हणे गुराढोरांना घालतात, माणसं खात नाहीत. म्हटलं, घालू देत. मला गुरांच्या दुकानात घेऊन चला.

ते दुकान म्हणजे एक मोठं पत्र्याचं गोदाम होतं. पेंड, बी-बियाणं, दावी, खोरी. दुकानदार पलीकडे काट्याजवळ कोणाचं तरी पोतं मोजत होता. हे त्याच्याकडे गेले आणि मी मंजूला कडेवर घेऊन पोत्यांमधून हिंडू लागले. कोपऱ्यात एक फाटकं पोतं होतं, त्यातून ज्वारी बाहेर सांडली होती. आणि त्या ज्वारीला कुंकू लावलेलं होतं. खरं सांगते, मला तसंच दिसलं. महालक्ष्म्यांपुढे आम्ही धान्याच्या राशी मांडतो, त्यांवर हळदकुंकू वाहतो, हलक्या हातानं फिरवतो. दाण्यादाण्याला जो लालसर रंग चढतो तोच रंग होता. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. देवीनं खूण दाखवली! एवढ्या परमुलखात, गुरांच्या दुकानात! मी पोत्यासमोर वाकून नमस्कार केला, डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मग प्रसादाचे चार दाणे चिमटीत घेतले आणि मंजूच्या तोंडाशी नेले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं आपण होऊन तोंड उघडलं.

तेवढ्यात माझ्या हातावर फाडकन कोणीतरी मारलं. दाणे उडाले. समोर एक म्हातारी उभी होती, गोरी, उन्हानं रापलेली, अंगात पुरुषी पँट आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट. ती माझ्यावर ओरडत होती, इतक्या भरभर आणि अशा गावठी उच्चारात की मला एक अक्षर कळत नव्हतं. मंजू भोकाड पसरून रडायला लागली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "माह्या पोरीच्या तोंडचा घास पाडतं का वं सटवे! हात झडो तुहा!" मी माझ्या काटोलच्या भाषेत तिला यथेच्छ शिव्या घातल्या, इतकी वर्षं तोंडात अडकलेल्या सगळ्या. ती मागे सरली नाही. तिनं माझं मनगट पकडलं, माझी बोटं आपल्या पँटला खसाखसा पुसली आणि मंजूच्या तोंडात बोट घालून आत दाणा राहिला नाही ना ते बघितलं. हे धावत आले. तिचं ऐकून ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते पेरायचं बी होतं. किडीनं खाऊ नये म्हणून त्याला विष चोळलेलं होतं, आणि विष ओळखू यावं म्हणून तो लाल रंग. आपल्याकडेही पुढे तसलं बी सर्रास आलं, पण माझ्या माहेरी तेव्हा घरचंच बी पेरत, असं रंगवलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

मी पदरानं मंजूचे ओठ पुन्हा पुन्हा पुसत राहिले. ती बाई ह्यांच्याशी बोलत होती, मधूनच मंजूच्या पोटाकडे बोट दाखवत होती. ह्यांनी डॉक्टरचं सगळं सांगितलं असावं. ती बाहेर गेली, आपल्या ट्रकमधून एक लहान पोतं खांद्यावर टाकून आणलं आणि माझ्या पायाशी आदळलं. पांढरी, स्वच्छ ज्वारी. तिच्या कोंबड्यांसाठी तिनं घरी पेरलेली, कसलंही औषध न लावलेली. जाताना हसली नाही, मंजूच्या गालाला हात लावला नाही, काही नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. माझा हात चुरचुरत होता आणि डोक्यात एकच घोळत होतं, की देवीनं माझी थट्टा केली. खूण मागितली तर विष दाखवलं.

ती ज्वारी मी कॉफी दळायच्या यंत्रात दळली. पहिल्या भाकरी तुटल्या, दुसऱ्या दिवशी जरा जमल्या. मंजूनं दुधात कुस्करलेली भाकर खाल्ली आणि ती पोटात राहिली. रोज थोडी थोडी. कोंबड्यांच्या ज्वारीची आंबील मी देवीला दाखवली, थोडी रागानंच, आणि मंजूनं वाटी चाटूनपुसून खाल्ली. थंडी संपेपर्यंत तिचं पोट आत गेलं, पाय भरले, ती घरभर धावायला लागली. पोतं संपल्यावर आम्ही त्या दुकानात गेलो. ती बाई शेत विकून दुसऱ्या गावी निघून गेली होती. कुठं, ते दुकानदाराला ठाऊक नव्हतं.

मंजू पाच वर्षांची असताना आम्ही नागपूरला परत आलो. ह्यांनी आपल्या आईला हकिगत सांगितली, आणि कशी सांगितली देव जाणे. सासूबाईंनी त्या हकिगतीतलं विष काढून टाकलं आणि म्हातारीही काढून टाकली. उरलं काय, तर अमेरिकेत महालक्ष्मीनं सुनेला कुंकवाची ज्वारी दाखवली आणि नात वाचवली. प्रताप नगरात घरोघर हेच. शहरातल्या पार सदर भागातून त्यांच्या ओळखीच्या बाया रिक्षा करून मंजूला बघायला आल्या, कोणी तिच्या पाया पडल्या. मी तोंड उघडलं की हे म्हणायचे, "जाऊ दे ना, आईला बरं वाटतं." गेलं. जाऊ दिलं. माझा जीव मात्र आत जळत होता.

मग महालक्ष्म्या आल्या. पुरणपोळ्यांचा स्वयंपाक, सवाष्णी पंगतीला बसलेल्या, पेटलेल्या उदबत्त्यांचा धूर, गर्दी. मंजूला गहू देऊ नका, हे मी सकाळपासून घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं होतं. वाढायला वळले आणि मागे बघते तर सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलेलं, हातात तुपात बुडवलेला पुरणपोळीचा घास. "जिले देवीनं सोता खाऊ घातलं, तिले देवीचा प्रसाद काय करते? खाय माही बाई." मंजूनं तोंड उघडलं होतं. पुरणपोळी गोड असते, पोर काय करणार?

मी ओरडले, "त्या ज्वारीले कुंकू नव्हतं आई, जहर होतं जहर!" पंगत जागच्या जागी थांबली. मी तिथंच, महालक्ष्म्यांसमोर, हातात आंबिलीचं भांडं घेऊन सगळं सांगितलं. तो रंग, ते चार दाणे, मंजूचं उघडलेलं तोंड, माझ्या हातावर बसलेला फटका. मी म्हटलं, मी त्या रंगाला प्रसाद समजले म्हणून माझ्या हातानं माझी पोर गेली असती. आता तुमच्या हातानं जाईल. सासूबाईंचा हात खाली आला. मग म्हणाल्या, "ते बाई कोन होती? नाव काय तिचं?"

"माहीत नाही."

"नाव नाही इचारलं?"

मी मान हलवली. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, ते बघणं मला अजून सहन होत नाही. "म्या तं तिले गोष्टीतून काढलं. तू तं तिले नावबी नाही इचारलं वं." एवढं बोलून त्यांनी तो घास आपल्या ताटात परत ठेवला, मंजूला मांडीवरून उतरवलं आणि न जेवता उठून गेल्या. सवाष्णींनी खाली माना घालून जेवण आटोपलं. आमच्या दोघींमध्ये त्या दिवसानंतर कधी फारसं बोलणं राहिलं नाही. पण मंजूच्या ताटाला त्यांनी पुन्हा गहू लागू दिला नाही, त्या जाईपर्यंत.

मला कोणी विचारतं, तुम्हाला देवीचा अनुभव आला का? आला. पण मी खूण मागितली आणि मला हवी ती खूण माझी मीच बघितली. तिनं जे दिलं ते मी मागितलंच नव्हतं, आलं तेव्हा ओळखलं नाही, उलट शिव्या घातल्या. म्हणून आता मी तिच्यापुढे काही मागत नाही, कशी कृपा कर हे तर मुळीच सांगत नाही. मंजू आज कॉलेजात जाते, उंच आहे, भांडखोर आहे, माझ्यावर गेली आहे. तिला हसताना बघितलं की माझे हात आपोआप जोडले जातात. कोणाला जोडायचे, ते नाव माझ्याकडे नाही. तेव्हा नमस्कार देवीलाच करते, आणि तो पुढे पोचवायचं काम तिच्यावर सोपवते.