धामणीची ऊब

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चाले, तेव्हाची गोष्ट. मलकापुरात सरकी काढायच्या जिनच्या बॉयलरमागे हिवाळाभर एक गारुडी बसे. सापांच्या पेटाऱ्या कोमट भिंतीला टेकवलेल्या, स्वतः मात्र वाऱ्यात. मधूनमधून भिंतीला गाल लावून बघायचा. फार तापली वाटली की पेटाऱ्या वीतभर मागे ओढायचा.

माझी पाळलेली धामण थंडीने काठीसारखी पडली होती, म्हणून मी तिची पेटी त्याच्यापुढे ठेवली. आतल्या दोन गोधड्या पाहून तो हसला.

"गोधडी अंगातलीच ऊब राखते, मालक. इच्याजवळ सोताची ऊब हाये कुठी?"

त्याने तिला सदऱ्याच्या आत पोटाशी घेतलं आणि बिडी ओढत बसला. घटकाभराने त्याच्या गळ्यापाशी तिचं डोकं वर आलं. तीन वर्षं उंदीर मी खाऊ घातले, आणि ही त्याच्या हनुवटीला टेकली! माझा नुसता जळफळाट झाला.

"अंगाशी धरत नाही काय तुमी इले?" त्याने विचारलं.

"धरतो तर!" मी म्हणालो.

घरी येऊन मी दार लावलं आणि सदऱ्याची वरची गुंडी काढली. पेटीतून ती माझ्याकडे बघत होती. मी गुंडी पुन्हा लावली.